हाव्हिंगांचा प्रश्न

एसेलीन कोर्नडाइकने झग्याच्या काठाला टाचणी लावली आणि आरशात न बघताच ती खोलीबाहेर पडली. विद्यापीठाचे हे काळे झगे कोणे एके काळी उंच गोऱ्या पुरुषांच्या मापाने शिवलेले. स्वतःचा झगा असतो तो प्राध्यापकांचा. बाकीच्यांनी कपाटातला उसना घ्यायचा. निवृत्ती तोंडावर आली तरी एसेलीनच्या वाट्याला उसनाच येत होता, आणि त्याचं तिला आता वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटून घ्यायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

ती जुन्या डच वसाहतीतल्या पारामारिबोहून इथे हॉलंडला शिकायला आली तेव्हा विशीत होती. तेव्हापासून ती एकच गोष्ट समजावून सांगत आली होती. जगातले गरीब देश मागे राहिलेले नाहीत, त्यांना मागे ठेवलेलं आहे. इथल्या कालव्याकाठच्या देखण्या माड्यांचा पाया तिकडच्या उसाच्या मळ्यांत आहे. दरवर्षी नवी मुलं बाकांवर बसत, आणि दरवर्षी एखादा हात वर करून विचारी, "पण आपण त्यांना शाळा, रेल्वे दिल्या ना?" सुरुवातीला ती तावातावाने उत्तर देई, मधल्या काळात शांतपणे. हल्ली ती "चांगला प्रश्न आहे" म्हणून खिडकीबाहेर बघे. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं याला काही सुमार आहे की नाही?

केंद्र आणि काठ यांचा सिद्धान्त शिकवता शिकवता बाई स्वतः काठावरच राहिल्या, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आपली विद्यार्थिनी फिना तुहुमुरी हिचा प्रबंध एसेलीनने ओळ न् ओळ तपासला होता. पण मार्गदर्शक म्हणून सही करायला प्राध्यापकाची खुर्ची लागते, म्हणून सही दुसऱ्याची. कागदोपत्री एसेलीन फिनाची कोणीच नव्हती. आज ती समोरच्या बाकावर, प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत बसणार होती.

सभागृहाशेजारच्या छोट्या खोलीत फिना उभी होती. काळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. प्रबंधाचं जाहीर समर्थन करायचं तर उमेदवाराबरोबर दोन पाठराख्या लागतात, लग्नात करवल्या असतात तशा. फिनाची एक पाठराखी तिची बहीण मेता, दुसरी एक मैत्रीण. दोघी बाहेर पाहुण्यांना जागा दाखवत होत्या.

"झोप झाली?" एसेलीनने विचारलं.

"झाली असं म्हणायचं."

"पापा आलेत?"

"मेता घेऊन आलीय. पहिल्या रांगेत बसवलंय. आजोबांची टायपिन लावून आलेत." फिनाने पाण्याचा घोट घेतला. "गाडीत अवाक्षर बोलले नाहीत. रेडिओवर हवामान ऐकत होते."

"अजून तसंच?"

"उन्हाळ्यापासून तसंच."

फिनाचे आजोबा मोलुकन. मोलुकू बेटांवरून ते डच वसाहतीच्या सैन्यात भरती झाले आणि साहेबाच्या हुकमाने जावाच्या माणसांवर बंदूक धरली. वसाहत गेली, तेव्हा सरकारने या शिपायांना बायकामुलांसकट जहाजात घालून हॉलंडला आणलं. थोड्याच महिन्यांची गोष्ट, असं सांगितलं होतं. उतरल्याबरोबर त्यांची नोकरी काढून घेतली आणि बिऱ्हाडं छावण्यांत नेऊन टाकली. काम सरो, वैद्य मरो! फिनाचे वडील दोमिंगुस अशाच एका छावणीत जन्मले. फिनाचा प्रबंध या छावण्यांवर होता: वसाहत बेटांवरून उचलून राज्यकर्त्यांच्याच देशात, तारेच्या कुंपणात कशी बसवली त्यावर. चौथं प्रकरण आजोबांचं. त्यात तिने लिहिलं होतं की साम्राज्य एका जिंकलेल्या माणसाचा हात धरून दुसऱ्या जिंकलेल्याचा गळा दाबतं. उन्हाळ्यात कोणीतरी हे वाक्य चर्चच्या पायरीवर दोमिंगुसच्या कानावर घातलं, आणि तेव्हापासून बाप लेकीशी फक्त हवामानावर बोलत होता.

"हाव्हिंगा शेवटी आहेत," एसेलीन म्हणाली. "माझ्यानंतर."

"माहितीय."

"काय विचारणार तेही माहितीय?"

"सगळ्या विभागाला माहितीय, बाई. परवा कॉफीच्या मशीनपाशी मलाच म्हणाले, तयारी ठेवा." फिना हसली, पण पेला ठेवायच्या ऐवजी तिने तो पुन्हा तोंडाला लावला. "बाई, मला तुमच्याशी त्याबद्दलच जरा—"

"तू काळजी करू नकोस. मी आहे ना."

"नाही, तसं नाही. मी काय म्हणत होते—"

दार उघडलं. विद्यापीठाची चोपदारीणबाई, झग्यात, हातात चांदीच्या मुठीची काठी. "चला, मंडळी," ती म्हणाली. "घड्याळ काही माझ्या ओळखीचं नाही." आणि फिनाचं वाक्य तिथेच राहिलं.

हाव्हिंगा इतिहासाचे प्राध्यापक. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना आखूड प्रश्न विचारायची सवय होती, आणि आखूड प्रश्नच जिव्हारी लागतो. त्यांचा आजचा प्रश्न एसेलीनला पाठ होता: तुमचे आजोबा साम्राज्याचे बळी होते की साम्राज्याचा हात? एका शब्दात सांगा. लेकीने बापासमोर, बापाच्या बापाबद्दल, भरल्या सभेत एका शब्दात सांगायचं. एसेलीनला ते होऊ द्यायचं नव्हतं.

त्याला कारणही होतं. तिच्या स्वतःच्या समर्थनाला तिची आई पारामारिबोहून आली होती, कांजी केलेला घेरदार पोशाख, डोक्याला कडक रुमाल, सगळ्या सभागृहात उठून दिसणारी. एका प्राध्यापकाने हसत हसत विचारलं, "तुमच्या मातोश्री एका डच कुटुंबाचे कपडे धूत, आणि त्या पैशावर तुम्ही शिकलात. तुमच्या सिद्धान्तात ते कुटुंब कुठे बसतं?" एसेलीनने आईकडे पाहिलं आणि तिची दातखीळ बसली. तेवढ्यात चोपदाराने काठी आपटून वेळ झाल्याचं सांगितलं, म्हणून सुटली. आईने त्यावर पुढे कधी काही विचारलं नाही, एसेलीनने कधी काही सांगितलं नाही, आणि आई गेली. तेव्हापासून त्या काठीचा आवाज एसेलीनला देवाच्या दयेसारखा वाटत आला होता.

सभागृहाचं दार बंद झालं. एकदा बंद झालं की आत कोणी येत नाही आणि बाहेर कोणी जात नाही, ही इथली जुनी रीत. समर्थन पाऊण तासाचं. पाऊण तास भरला की चोपदारीण आत येते, काठी आपटते, आणि बोलणारा वाक्याच्या मध्यावर असला तरी गप्प होतो. पदवी मिळणार हे आधीच ठरलेलं असतं. पण त्या पाऊण तासात काय बोललं गेलं ते लोक जन्मभर लक्षात ठेवतात.

दोमिंगुस पहिल्या रांगेत ताठ बसला होता, पंजे गुडघ्यांवर. पलीकडे मोलुकन नातेवाईक, चर्चच्या मंडळातल्या बायका, एक तान्हं मूल. पहिले दोन प्रश्न सरळ गेले. फिना छान बोलत होती. इथे उत्तर देतानाही पायरी सोडून चालत नाही. प्राध्यापकाला "महाविद्वान" म्हणायचं आणि नुसत्या डॉक्टरला "मान्यवर विद्वान". आपली पाळी आली तेव्हा एसेलीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हाव्हिंगांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. दोमिंगुस आपल्या हातांकडे बघत होता.

मग एसेलीनने तेच केलं जे या झग्यातले लोक शतकानुशतकं करत आले आहेत. तिने लांब प्रश्न विचारला.

सुरुवात साखरेपासून केली. साखरेवरून ती कॉफीवर गेली, कॉफीवरून मजुरांवर, आणि मजुरांवरून श्रीमंत देश आणि गरीब देश एकाच दोरीची दोन टोकं कशी, यावर. प्रश्नाचे तीन भाग आहेत, म्हणाली, आणि पहिल्या भागाला एक छोटी प्रस्तावना. मागच्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला. एसेलीनला स्वतःचाच आवाज दुरून येत असल्यासारखा वाटला. हे सगळं तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की ते सांगायला आता ती लागतच नव्हती. तिने फिनाकडे पाहिलं. मुलीचे डोळे मोठे झाले होते. बिचारीला केवढा धीर आला असेल, एसेलीनच्या मनात आलं.

प्रश्न संपला. फिना म्हणाली, "मान्यवर विद्वान, तिन्ही भाग मला मान्य आहेत." आणि थांबली.

सभेत खसखस पिकली. एवढ्या लांब प्रश्नाला एवढंसं उत्तर कोणी ऐकलं नव्हतं. पोर गांगरली, एसेलीनला वाटलं. सांभाळून घ्यायला हवं.

"मग एक उपप्रश्न," ती म्हणाली.

"बाई," फिनाच्या तोंडून निघून गेलं. मग तिने सावरलं. "मान्यवर विद्वान, उपप्रश्नही मला मान्य असेल, अशी माझी खात्री आहे."

यावर तर अध्यक्षही हसले. पण एसेलीन बोलत राहिली. आयुष्यभर तिला वाक्य पूर्ण करू न देणारे लोक भेटले होते; आज कोणी तिला अडवणार नव्हतं. फिनाने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. एसेलीनने ते पाहिलं आणि उमेदवाराला वेळ लवकर संपायला हवाय असा त्याचा अर्थ लावला.

अखेर अध्यक्षांनी हाव्हिंगांना शब्द दिला. हाव्हिंगांनी चष्मा काढला. फिना एकदम ताठ झाली. तिने दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला आणि बापाकडे एकदा नीट पाहिलं.

"उमेदवार," हाव्हिंगा म्हणाले, "माझा प्रश्न छोटा आहे. चौथ्या प्रकरणातले तुमचे आजोबा—"

दार उघडलं. काठी फरशीवर आपटली. "होरा एस्त," चोपदारीण म्हणाली. वेळ झाली.

सगळे उभे राहिले. एसेलीनने श्वास सोडला.

पदवी दिली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. खालच्या दालनात वाइन होती आणि मोलुकन बायकांनी केळीच्या पानात गुंडाळून आणलेला चिकट भात. हाव्हिंगा दोन पुड्या हातात घेऊन एसेलीनपाशी आले.

"छान खिंड लढवलीत," ते म्हणाले. "तुमचा प्रश्न चालू असताना माझी दाढी वाढली."

"तुम्हाला राग आला असेल."

"मला कशाला? मी निवृत्त होईपर्यंत असे पुष्कळ विचारीन. हा भात फार छान आहे, खाल्लात का?"

एसेलीनने भात घेतला. पाय दुखत होते, पण आज बऱ्याच दिवसांनी आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असं तिला वाटत होतं. तेवढ्यात फिना आली. तिच्या हातात पदवीची लांब लाल नळी होती.

"बाई, एक विचारू? आखूड आहे."

"विचार ना."

"मुद्दाम केलंत?"

"हो." एसेलीन हसली. "तुझ्यासाठीच."

"मला तो प्रश्न हवा होता."

एसेलीनला आधी कळलंच नाही.

"घरी मी तोंड उघडलं की पापा ताट उचलून स्वयंपाकघरात जातात," फिना म्हणाली. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "गाडीत रेडिओ लावतात. चर्चमध्ये बोलायची सोय नाही. पत्र टाकलं तर उघडत नाहीत. मला अख्ख्या जगात एकच जागा सापडली होती, जिथून त्यांना उठून जाता येत नाही. म्हणून तर मी हाव्हिंगांना सांगितलं, हेच विचारा. मीच सांगितलं, बाई. सकाळी तुम्हाला तेच सांगत होते."

"मला वाटलं, तू घाबरली आहेस."

"घाबरलेच होते. म्हणून काय झालं?"

"मला वाटलं, तुझ्या पापांसमोर—"

"तेच ना. तुम्हाला वाटलं." फिनाने नळी या हातातून त्या हातात घेतली. "पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलंत आम्हाला. साम्राज्य बंदूक घेऊन येतं तेव्हा ओळखू येतं, म्हणाला होतात. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणत येतं तेव्हा ओळखू येत नाही. मी वहीत लिहून घेतलं होतं."

एसेलीनने आणखी एक घास घेतला. हातातल्या भाताला चव उरली नव्हती. तेवढ्यात मेता गर्दीतून वाट काढत आली. "पापा गेले वाटतं," ती म्हणाली. "त्यांचा कोट नाहीये."

फिनाने डोळे मिटले आणि उघडले. "जाऊ दे," ती बहिणीला म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली.

एसेलीनने झगा कपाटात टांगला आणि ती बाहेर पडली. तिला फक्त घरी जायचं होतं. वारा सुटला होता, कालव्यावरच्या सायकली एकमेकींवर पडल्या होत्या. बसच्या थांब्यावर बाकाच्या टोकाला दोमिंगुस तुहुमुरी बसला होता, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. मागे वळावं असं तिला वाटलं. पण वळून जायचं कुठे? ती दुसऱ्या टोकाला बसली.

"डोकं दुखायला लागलं," दोमिंगुस आपण होऊनच म्हणाला. "वाइनचा वास सोसत नाही मला."

"हं."

"बरं झालं तुम्ही भेटलात, बाई. आभार मानायचे होते."

"माझे?"

"तो उंच माणूस माझ्या वडिलांबद्दल काहीतरी विचारणार होता. तुम्ही बोलत राहिलात. मला कळलं." त्याने मान हलवली. "छावणीत खोलीत चूल मांडायची बंदी होती. सरकारी भटारखान्यातले उकडलेले बटाटे खायचे. आईने चोरून स्टोव्ह आणला होता. साहेब तपासायला आला की ती त्याच्याशी अशीच बोलत राहायची, वडील मागच्या बाजूने स्टोव्ह शेजारी पोचवेपर्यंत. तुम्ही अगदी तशाच बोलत होतात."

एसेलीनला वाटलं, आभार घ्यावेत आणि गप्प बसावं. एवढ्या वर्षांत कोणी मानले नव्हते. ती फार दमली होती.

"आभार मानू नका," ती म्हणाली. "माझं चुकलं. तिला उत्तर द्यायचं होतं. तुमच्यासमोर द्यायचं होतं, म्हणून तर तो प्रश्न तिनेच मागून घेतला होता."

दोमिंगुसने कोटाची कॉलर वर केली.

"लोक सांगतात, तिनं माझ्या वडिलांना साहेबाचा हात म्हटलंय."

"तुम्ही वाचलंत?"

"माझं डच फॅक्टरीतलं. तरी उघडलं होतं एकदा. पहिल्याच पानावर वडिलांचं नाव आहे, अर्पण केलंय त्यांना. मग मिटून ठेवलं." त्याने टायपिन चाचपली. "काय म्हणणार होती ती?"

एसेलीनला ते माहीत होतं. चौथं प्रकरण तिने किती वेळा तपासलं होतं, शेवटचा परिच्छेद तिला तोंडपाठ होता. उत्तर जिभेवर आलं होतं, नीट, सुबक, लगेच सांगता येईल असं. आणि सांगितलं असतं तर म्हाताऱ्याला ते पटलंही असतं.

"तुम्हाला माहीत असणार," दोमिंगुस म्हणाला.

"आहे."

"मग सांगा की. तुमचं बोलणं मला समजतं. तिचं ऐकायला लागलो की डोक्यात नुसता राग जातो."

"नाही सांगणार."

"का?"

"आज मी माझं बोलले आणि तिचंही बोलले. पुष्कळ झालं." तिला आईचा कडक रुमाल आठवला. "माझ्या आईलाही एक उत्तर द्यायचं राहिलं होतं माझं. ते मी नंतर पुस्तकांतून जगाला दिलं. आईला नाही दिलं."

बस आली. दार उघडलं. दोमिंगुस उठला, दांडीला धरून त्याने एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच थांबला.

"पुढची कधी?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

"अर्ध्या तासाने. येताय की नाही, आजोबा?"

दोमिंगुस एसेलीनकडे वळला. "तेवढ्यात आटपेल का तिचं?"

"छे. लांबण लावायची खोड आहे तिला. माझ्याकडूनच लागली."

म्हातारा हसला नाही, पण त्याने पाय पायरीवरून खाली घेतला. बस गेली. त्याने कोटाचं वरचं बटण काढलं, टायपिन सरळ केली.

"तुम्ही येताय?"

"नाही. मी तिथे असले की मीच बोलते."

तो पुलावरून विद्यापीठाकडे परत गेला, हळूहळू, कठड्याला धरत. एसेलीन बाकावर बसून राहिली. स्कर्टच्या काठाला झग्याची टाचणी अडकून आली होती, ती तिने काढून पर्समध्ये टाकली. पुढची बस आली, तेव्हा पुलावर कोणी नव्हतं. ती चढली आणि खिडकीशी बसली. बस सुटेपर्यंत ती पुलाकडे बघत होती. म्हातारा अजून बाहेर आला नव्हता.